चष्म्याच्या दुकानातली सोयरीक

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, दुपारच्या जेवणानंतर

तीर्थस्वरूप दादांस,

धाकटा भाऊ सर्जेराव याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडं सगळं ठीक आहे, म्हणजे कोणी विचारलं तर ठीक म्हणावं इतपत ठीक आहे. तुमचा गुडघा, लक्ष्मीवहिनींचा खोकला, तांबड्या गाईचं वासरू आणि सत्यमचं शेततळं ही सगळी मंडळी खुशाल असतील अशी आशा आहे. पत्र बघून वहिनी घाबरल्या असतील की आता कोण गेलं. कोणी गेलेलं नाही. फोन न करण्याचं कारण एवढंच की तुम्हाला फोन लावला की तुम्ही 'बोल' म्हणता आणि मी तोंड उघडलं की 'बरं, ठेव' म्हणता. (पोळ्याच्या शुभेच्छासुद्धा तुमच्यापर्यंत अर्ध्याच पोचल्या.) पत्राला काही 'बरं, ठेव' म्हणता येत नाही. आपल्या शेजारचा बन्सी कांदा घेऊन मार्केटला आला होता, त्याच्या हाती पाकीट देतोय. बन्सीनं ते वाटेत उघडून वाचलंच असेल, तर बाबा बन्सी, आता तोंड बंद ठेव.

विषय चष्म्याचा आहे. हे वाचून तुम्ही नाक मुरडलं असणार, कारण आपल्या घराण्यात चार पिढ्यांत कोणाच्या नाकावर काच चढली नाही, हे तुम्ही देवगावात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी सांगता. सदुसष्टाव्या वर्षी तुम्ही ओट्यावर बसून बिनचष्म्यानं पेपर वाचता, तोही मोठ्यानं, म्हणजे समोरच्या किराणा दुकानातल्या चष्मेवाल्यांना ऐकू जावा म्हणून. त्यामुळं मला सांगायचा धीर झाला नाही, पण दादा, मी गेली पाच वर्षं चष्मा वापरतोय. पैठण गेटच्या फुटपाथवर एका टोपलीत ढीग होता, त्यातले सात-आठ लावून पाहिले आणि ज्यातून विकणारा बरा दिसला तो घेतला. तुमच्याकडं येताना मी तो बसमध्येच काढून बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचो. गेल्या आखाजीला तुम्ही नवा सातबारा माझ्या हातात दिलात आणि मी दोन मिनिटं बघून 'बरोबर आहे' म्हणालो, तेव्हा मला त्यात फक्त रेघा दिसत होत्या. सदतीस वर्षं ग्रामसेवक म्हणून नोकरी केलेल्या माणसाला हे कबूल करताना काय वाटतं ते मलाच ठाऊक.

हे सगळं असंच चाललं असतं, पण तुरीच्या डाळीनं घात केला. निवृत्त माणसाला घरात दोनच कामं मिळतात, दूध आणायचं आणि डाळ निवडायची. वहिनींनी पाठवलेली डाळ मी फुटपाथचा चष्मा लावून दोन तास निवडली, आणि वर 'तुझ्यापेक्षा बारीक निवडली' असं हिला ऐकवलंही. त्याच दिवशी जेवताना आमच्या सुलेखाबाईंची नुकतीच बसवलेली दाढ खड्यावर आपटून फुटली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. हिनं शांतपणे तो तुकडा आणि तो खडा माझ्या ताटाच्या कडेला शेजारी शेजारी मांडला आणि म्हणाली, "यातला खडा कंचा ते सांगा." मी नीट बघून, विचार करून बोट ठेवलं. ती दाढ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला मी हिच्यासोबत आमच्या चौकातल्या मधुसूदनरावांच्या चष्म्याच्या दुकानात होतो. हे मधुसूदनराव अतिशय सभ्य गृहस्थ. इतके सभ्य की गिऱ्हाईक आल्यावर पंधरा मिनिटं चष्म्याचं नाव काढत नाहीत, आधी पाणी, मग हवापाणी, मग मुलांची नोकरी, आणि तुम्ही कशासाठी आलात हे तुमच्याही लक्षातून गेलं की हळूच मशीनवर बसवतात. हनुवटी एका वाटीसारख्या आधारावर ठेवायची, कपाळ पट्टीला टेकवायचं आणि आत बघायचं. आत एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवं रान, आणि टोकाला एक मोठा फुगा. तो कधी पुसट होतो, कधी साफ होतो. मी विचारलं, हा रस्ता कुठला आणि एवढ्या चांगल्या रानात माणूस कसा कोणी नाही? मधुसूदनराव म्हणाले, "सर्जेराव, आपण फक्त बघायचं." कुठल्याही रस्त्याकडं खुलाशाशिवाय बघायची मला सवय नाही, पण बघितलं.

नंतर आम्हा दोघांना आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, आणि खरी गोष्ट तिथं सुरू होते. तिथं नंबर काढायला एक मुलगी होती. पांढरा कोट घातलेला, चेहरा मला काही नीट दिसला नाही, पण आवाज सरळ आणि बोलणं मोजकं. आपल्या माणसासारखं मी पहिल्यांदा गाव विचारलं. लासूर स्टेशन म्हणाली. नाव दीपमाला. वडिलांची तिथं आडत, चुलते शिक्षक, आईचं माहेर कन्नडजवळ, आणि स्वतः डोळे तपासण्यातच पदवी घेतलेली. (देवकही मी आडवळणानं काढून घेतलं. जुळतं.) दादा, तिनं माझ्या नाकावर ती लोखंडी चौकट बसवेपर्यंत मी मनातल्या मनात सत्यमची पत्रिका काढली होती.

सत्यमचं तुम्हाला मी काय सांगणार? पोरगा एकतीस वर्षांचा, शेतीची पदवी, स्वतःचं शेततळं, व्यसन नाही, आणि तीन ठिकाणांहून नकार. दोन ठिकाणी शेतीवाला नको म्हणाले, ते समजू शकतो. पण वैजापूरकडची ती तिसरी जागा हातची गेली ती तुमच्यामुळं, हे आज स्पष्टच लिहितो. मुलीच्या चुलत्यानं दारात डाव्या अंगाला उभं राहून पाण्याचा तांब्या पुढं केला आणि तुम्ही तिकडं न बघता सरळ आत गेलात. तो भला माणूस तांब्या धरून उभाच. आठ दिवसांनी निरोप आला, "पोरगं चांगलंय, पण बापाला ताठा लई." परतताना गाडीत मी तुमच्याशी एक शब्द बोललो नाही, तुम्हाला वाटलं मला झोप लागली. त्याआधी बाजारात आपल्या व्याह्यांनी बाजूनं रामराम घातला तोही तुम्ही घेतला नाहीत, ते अजून धुसफुसताहेत. तुमच्या या ताठ्याचं काय करावं हे मला गेली दोन वर्षं सुचत नव्हतं. म्हणून त्या अंधाऱ्या खोलीत मी ठरवलं की ही सोयरीक आपण स्वतः जुळवायची, आणि तुम्हाला थेट अक्षता टाकायलाच बोलवायचं.

आणि तिथंच माझ्या ध्यानात आलं की तपासणी माझी चाललेली नाही, आपल्या घराण्याची चाललेली आहे. डोळ्यांची पदवी घेतलेली मुलगी, सासरच्या लोकांचे डोळेच अधू निघाले तर कशी येणार? समोर पाटी उजळली. वरचं मोठं अक्षर दिसलं. दुसऱ्या ओळीतली दिसल्यासारखी वाटली. तिसऱ्या ओळीपासून खाली मुंग्या होत्या. पण मुलाच्या चुलत्यानं मुंग्या आहेत असं कसं सांगायचं? मी ग्रामसभेत ठराव वाचायच्या आवाजात सुरुवात केली, ग, म, प, र, त, न. अक्षरं शेवटी ठरलेलीच आहेत, चार तरी बरोबर येतील असा माझा अंदाज. अडखळलो नाही, थांबलो नाही, थेट शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. मुलगी जरा वेळानं म्हणाली, "काका, खालच्या दोन ओळींत आकडे आहेत."

मग भिंगं बदलायला लागली. खट एक, खट दुसरं, आणि दर वेळी "हे बरं का हे?" आता मुलीकडच्यांनी दोन वस्तू पुढं केल्यावर त्यातल्या एकीला नावं ठेवायची ही काय आपली रीत आहे? मी म्हणालो, दोन्ही छान आहेत. पुढच्या जोडीलाही म्हणालो, दोन्ही छान आहेत. पोरीच्या हाताला गुण आहे असंही म्हणालो. इतक्यात मागच्या स्टुलावरून आमची ही बोलली, "पोरी, ह्यांचं काय बी धरू नको. ह्यांला खडा अन् दाढ एकसारखंच दिसतंय." मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण एका डोळ्यावर झाकण होतं आणि दुसरा वेगळ्याच दिशेला होता, त्यामुळं दटावणी वाया गेली.

शेवटी मुलगी म्हणाली, "काका, मशीन एक सांगतंय, तुम्ही एक सांगताय. उद्या निवांत या, परत बघू." दादा, 'परत बघू' याचा अर्थ मला कोणी शिकवायला नको. आपण तीन ठिकाणी तेच ऐकलंय. मी घाईनं म्हणालो, परत कशाला, हाच नंबर उत्तम आहे, झाडासारखं झाड दिसतंय. (खोलीला खिडकी नव्हती.) तिनं मधुसूदनरावांकडं बघितलं, मधुसूदनरावांनी छताकडं बघितलं, आणि तिनं कागदावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं.

फ्रेम निवडण्याचा प्रकार तर मला अजून कळलेला नाही. नवी फ्रेम लावून बघायची तर जुना चष्मा काढावा लागतो, आणि जुना काढला की आरशातलं काही दिसत नाही. म्हणजे ज्याला दिसत नाही त्यालाच विचारायचं की कसं दिसतंय. माझ्या तोंडावर काय बसवायचं ते मधुसूदनराव आणि आमची ही दोघांनी ठरवलं. ही चटचट नापास करत होती, हिच्यात तलाठी दिसताय, हिच्यात घुबड दिसताय, हिच्यात दिसूच नका. शेवटी एक जाड काळी फ्रेम चढवली तेव्हा मात्र म्हणाली, "अगदी थोरल्या भाऊजींवाणी दिसताय." मी आरशात डोकावलो. खरंच पुसटसे तुम्हीच दिसलात, वैजापूरहून येताना गाडीत बसला होतात तसे. मी म्हणालो, हीच द्या.

तिसऱ्या दिवशी चष्मा आला. दुकानाला पायऱ्या दोन आहेत, मी चार उतरलो. रिक्षा समजून पाण्याच्या टँकरला हात केला आणि तो थांबलाही, त्यामुळं वर चढायचं की माफी मागायची हे ठरेपर्यंत मागं गर्दी झाली. घरातली फरशी उताराची झाली. ताटातली भाकरी जवळ घ्यायला गेलो की थोडी सरकायची. तीन दिवस मी सगळ्यांना 'लख्ख दिसतंय' सांगत फिरलो, कारण नंबर मीच पास केला होता. चौथ्या दिवशी सकाळी तुळशीला घातलेलं पाणी शेजाऱ्यांच्या बुटात गेलं, तेही दोन्ही बुटांत, मंत्र म्हणून.

मग मी संतापून दुकानात गेलो. गिऱ्हाइकांसमोर बोललो. असला चष्मा देता, माणूस पडला तर जबाबदार कोण, तुमच्या पदवीचा उपयोग काय, असं बरंच. (सोयरीक मी त्या क्षणी विसरलो होतो, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.) मुलीनं त्या दिवशीचा कागद पुढं केला. मला तो अर्थातच वाचता येईना. मग तिनंच वाचून दाखवला. 'उत्तरं जुळत नाहीत. काकांच्या आग्रहावरून चष्मा दिला. काका परत येतील.' शेवटच्या वाक्याखाली रेघ होती. मग म्हणाली, "काका, इथं पास-नापास नसतंय. नाय दिसत तर नाय म्हणायचं, त्यात कमीपणा कसला?"

दादा, मी पुन्हा त्या खुर्चीत बसलो आणि एका बैठकीत अकरा वेळा 'नाय दिसत' म्हणालो. आयुष्यात एवढ्यांदा हे कबूल केलं नव्हतं. पहिल्यांदा जीभ अडली, पाचव्या वेळेपासून मोकळं वाटायला लागलं, आणि अकराव्या वेळी तर मी न विचारताच म्हणालो. दुसऱ्या एका मशीननं तिनं डोळ्यात हवेची फुंकर मारली. मी दचकून मागं गेलो, तिनं परत मारली, मी परत मागं गेलो. मशीनवर आलेला डोळ्यातल्या दाबाचा आकडा बघून ती म्हणाली की डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात एकदा दाखवा. तिथं घुमटासारख्या भांड्यात तोंड घालून बसवलं. आत कुठंही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी इमानदारीनं सारखंच दाबत बसलो, तेव्हा तिथल्या तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं की आजोबा, ठिपका दिसल्यावर दाबायचं, ही काय मतमोजणी नाही. असो. तिथल्या डॉक्टरांनी थेंब दिलेत. नवा चष्मा आलाय, फ्रेम तीच. आता सगळं दिसतं, पंख्यावरची धूळ, माझ्याच हातावरचे डाग, आणि मी निवडलेल्या डाळीतले उरलेले खडे.

तर मुद्दा असा. येत्या रविवारी तुम्ही पहिल्या बसनं इकडं यावं, सत्यमचा बायोडेटा आणि फोटो बरोबर आणावा. एवढी गुणी मुलगी, आपल्याच भागातली, पुन्हा सापडायची नाही. दोन दिवस मुक्कामाच्या तयारीनं यावं. बसल्या बसल्या तुम्हालाही तिच्यासमोर खुर्चीत बसवू, म्हणजे मुलीचा स्वभाव तुम्हालाही पारखता येईल. चिरंजीव सत्यमला आशीर्वाद, वहिनींना नमस्कार, वासराला थाप.

आपला आज्ञाधारक,
सर्जेराव

ता. क. हे पत्र हिनं वाचलं आणि परत माझ्यापुढं टाकलं. म्हणते, थोरल्या भावाला खोटं सांगून बोलवायचं नाही. तेव्हा लिहितो. दीपमालाचं लग्न गेल्या माघात झालंय, मुकुंदवाडीला दिलंय. नवीन चष्मा लावल्यावर पहिल्यांदा काही स्वच्छ दिसलं असेल तर तिच्या गळ्यातले काळे मणी. हिला ते पहिल्याच दिवशी दिसले होते. मग बोलली का नाहीस विचारलं, तर म्हणाली, "सोयरिकीच्या नादानं का व्हईना, तासभर खुर्चीत बसलात, ते काय कमी हाय?" तुम्हीही डोळ्यांसाठी येणार नाही, सत्यमसाठी मात्र धावत याल, म्हणून मी तेच आमिष लावलं. बायोडेटा आणू नका.

ता. क. २. खरं कारण. मला काचबिंदू सुरू झालाय. लवकर सापडला, थेंबांनी आटोक्यात राहील म्हणाले. डॉक्टरांनी मला दोनच प्रश्न विचारले. सख्खे भाऊ किती? आणि थोरले जाता-येता बाजूच्या वस्तूंना धडकतात का? मी म्हणालो, आमचे दादा बिनचष्म्यानं पेपर वाचतात. ते म्हणाले, वाचणारच, यात समोरचं शेवटपर्यंत दिसतं, कडेचं आधी जातं, आणि ज्याचं जातं त्याला पत्ता लागत नाही. दादा, मी दवाखान्याच्या बाकावर बसून राहिलो. वैजापूरचा तांब्या डावीकडून आला होता. व्याह्यांनी रामराम डावीकडून घातला होता. गोठ्याच्या चौकटीला तुमचा डावाच खांदा लागतो, वहिनी दर वेळी तिथंच हळद लावतात. तो ताठा नव्हता. मी दोन वर्षं तुमच्यावर उगाच रागावून होतो, त्याबद्दल पाय धरतो. कदाचित माझा अंदाज चुकीचा असेल, फार बरं होईल. गेलेलं परत येत नाही म्हणतात, पण आहे तेवढं राखता येतं, म्हणून घाई. घराण्यात चष्मा नाही हे खरंय, पण आपण कधी डॉक्टरला डोळे दाखवलेच नव्हते. आपले आबा शेवटी शेवटी भिंतीला हात लावत चालायचे, आपण म्हातारपण म्हणायचो.

ता. क. ३. पहिली बस साडेनऊला मध्यवर्ती स्थानकात लागते. गर्दी असते, शोधू नका, डावीकडं तर वळूच नका. तुम्ही उतराल तेव्हा मी उजव्या हाताला उभा असेन, पाण्याचा तांब्या घेऊन.